मोकळे महिने : कोल्हापूरच्या एका मिडफिल्डरचं प्रकरण

या खेळाडूला मी तो सातवीत असल्यापासून ओळखतो. शाळेत मी खेळाचा शिक्षक होतो. पुढे त्याच्या करारांचे कागदही माझ्याच टेबलावर यायचे. त्याच्या परवानगीनेच हे लिहितोय. त्याची ओळख पटू नये म्हणून पेठ, क्लब आणि काही तपशील बदललेत किंवा गाळलेत. निर्णय मात्र जसे घेतले गेले तसेच ठेवलेत.

पार्श्वभूमी

कोल्हापुरात फुटबॉल तालमीतून येतो. जिथं लाल मातीत पैलवान घुमायचे त्याच तालमींची नावं आज संघांना आहेत : पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की दुपारपासून पेठेत दुसरा विषय नसतो. अशाच एका पेठेत, उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या घरी याचा जन्म झाला, 1997 साली. अठराव्या वर्षी तो के.एस.ए.च्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, वरिष्ठ गटात पेठेकडून खेळू लागला.

तो हाफला, म्हणजे मिडफिल्डला, खेळायचा. बॅक लाइनच्या पुढं उभं राहायचं, समोरच्याचा पास वाटेतच तोडायचा आणि बॉल दोन टचमध्ये आपल्या माणसाकडं द्यायचा. बॉल पायाशी यायच्या आधी तो दोनदा मान वळवतो, एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या. ही सवय नववीतली. मी त्याच्या पाठीमागं उभा राहून बोटं वर करायचो आणि बॉल त्याच्यापर्यंत पोचायच्या आत किती बोटं ते त्यानं ओरडून सांगायचं. सुरुवातीला दहांत तीनदा बरोबर यायचं. दिवाळीपर्यंत चुकणं थांबलं.

या जागेवरच्या खेळाडूचं काम मोजता येत नाही, ही त्याची पहिली अडचण. फॉरवर्डनं मारलेला गोल पेपरात छापून येतो. हाफनं वीस यार्ड आधीच तोडलेला हल्ला कुणाच्या लक्षातही राहत नाही. खालच्या लीगमध्ये क्लबकडं खेळाडू शोधणारी वेगळी माणसं फारशी नसतात. कुणीतरी कोच म्हणतो, ‘मी बघितलाय त्याला, चांगला आहे’, आणि खेळाडू घेतला जातो. म्हणजे दर मोसमात कुणाच्या तरी नजरेसमोर राहावं लागतं.

दुसरी अडचण काळाची. त्याच्या अठराव्या ते विसाव्या वर्षात जवळपासचे दरवाजे एकेक करून बंद झाले. पुणे एफसी आणि भारत एफसी 2014-15च्या मोसमानंतर आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमधून गेले. 2016 मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोव्याच्या तीन संघांनी आय-लीग सोडली. मुंबई एफसी 2017 मध्ये खाली घसरली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोल्हापूरचा अनिकेत जाधव दिल्लीत 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. सगळ्या पेठांतल्या आया पोरांना म्हणू लागल्या, ‘बघ, जमतंय.’ जमतं हे खरंच होतं. पण अनिकेत लहानपणीच सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता, आणि आमचा मुलगा वीस वर्षांचा होऊन पेठेतच होता.

पहिला निर्णय : पेठ की मुंबई (2018)

2018च्या पावसाळ्यात त्याच्यापुढं तीन वाटा होत्या. पेठेकडूनच खेळत राहायचं, मोसमाची ठरलेली रक्कम घ्यायची आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत चुलत्यांनी बघून ठेवलेलं काम धरायचं. किंवा बी.ए.ची उरलेली दोन वर्षं पुरी करायची. किंवा मुंबईच्या एका क्लबकडून आय-लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळायचं. तिथल्या एका कोचनं त्याला कोल्हापुरातच एका सामन्यात बघितलं होतं.

मुंबईचा करार महिना बावीस हजारांचा होता. राहणं-जेवण क्लबकडं, एका खोलीत सहा जण. घरात पेढे वाटले गेले. मीही खाल्ले.

त्या कागदावर तारखा होत्या : 1 डिसेंबर 2018 ते 31 मे 2019. सहा महिने. घरातले सगळे, मीसुद्धा, ‘महिना बावीस हजार’ एवढंच वाचत राहिलो. सहा महिन्यांचे झाले एक लाख बत्तीस हजार. बारा महिन्यांवर पसरले तर महिना अकरा हजार. फाउंड्रीतलं काम याहून बरं पडलं असतं. जून ते नोव्हेंबर या महिन्यांत तो काय खाणार, कुठं सराव करणार, दुखापत झाली तर खर्च कुणी करायचा, यातला एकही प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही.

तरीही जाण्याचा निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. त्या मोसमात तो जे शिकला ते पेठेत शिकला नसता. चुकली ती नजर. आम्ही करार बघितला, वर्ष बघितलं नाही. कॉलेज सोडायची तर गरजच नव्हती. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ते चालू ठेवता आलं असतं, कारण अर्धं वर्ष तो घरीच असणार होता.

आणि झालंही तसंच. पहिला मोसम संपवून तो परत आला आणि ऑगस्ट 2019 मध्ये महापूर आला. पंचगंगेचं पाणी घरात छातीपर्यंत होतं. साठवलेले चाळीस-पंचेचाळीस हजार भिंती, वायरिंग आणि आईच्या शिलाई मशीनमध्ये गेले.

अडचण : थकलेला पगार (2020)

दुसऱ्या वर्षी त्याच क्लबनं अठ्ठावीस हजार देऊ केले, पुन्हा डिसेंबर ते मे. जानेवारी 2020च्या शेवटी लीग सुरू झाली आणि मार्चच्या मध्यावर करोनामुळं थांबली. डिसेंबर-जानेवारीचा पगार मिळाला होता. फेब्रुवारीचा ‘पुढच्या आठवड्यात’ होता. मग लॉकडाऊन लागलं आणि क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला : परिस्थिती सुधारली की बघू.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण आजही बहुतेक खेळाडूंना ती ठाऊक नसते. फिफाच्या खेळाडू-हस्तांतर नियमांत 2018 पासून ‘14 बिस’ नावाचं कलम आहे. क्लबनं दोन महिन्यांचे पगार ठरल्या तारखेला दिले नाहीत, तर खेळाडूनं क्लबला लेखी कळवायचं आणि थकबाकी भरायला किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर करार मोडायला त्याच्याकडं रास्त कारण असतं. करार मोडायचा नसला तरी हे लेखी पत्रच पुढच्या दाव्याचा पाया ठरतं. दावा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीपुढं नेता येतो. मदतीला खेळाडूंची संघटना, एफपीएआय, आहे. करोनाच्या काळात फिफानं क्लब आणि खेळाडूंनी आपसात बोलून मार्ग काढावा असं सुचवलं होतं, पण त्यानं जुनं देणं काही माफ झालं नव्हतं.

त्याच्यापुढचे पर्याय त्या वेळी असे होते. गप्प राहून वाट बघायची. लेखी पत्र पाठवायचं. संघटनेकडं जायचं. किंवा सगळं सोडून नवा क्लब शोधायचा. त्यानं पहिला निवडला. कारण विचारल्यावर म्हणाला, “सर, पत्र दिलं की कोच म्हणणार, पोरगं भांडकुदळ हाय. मग मला बघितलंय असं कोण सांगणार?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्याचा सगळा बाजारभाव एका माणसाच्या शब्दावर उभा आहे, त्यानं त्याच माणसाच्या क्लबला नोटीस द्यायची हे सोपं नसतं.

जूनमध्ये क्लबचा फोन आला. फेब्रुवारी ते मे मिळून एक लाख बारा हजार येणं होतं. क्लबनं एका महिन्याचे अठ्ठावीस हजार देतो म्हणून सांगितलं, पण ‘माझं क्लबकडं काही येणं बाकी नाही’ या कागदावर सही हवी होती. सही नसेल तर एनओसी (ना-हरकत पत्र) मिळणार नाही आणि दुसरीकडं खेळता येणार नाही, असंही सांगितलं. तो कागदाची प्रिंट घेऊन माझ्याकडं आला. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. मी दोनदा वाचला आणि म्हणालो, “तुझं तू बघ, पण पुढं खेळायचं असेल तर वाद नको.”

त्यानं सही केली.

31 मेला करार संपला होता. करार संपलेला खेळाडू मोकळा असतो. नव्या क्लबकडं जायला जुन्या क्लबची परवानगी त्याला लागत नाही. एनओसीची भीती पोकळ होती आणि त्या पोकळ भीतीपायी चौऱ्याऐंशी हजार रुपये गेले. मला नियम माहीत नव्हता, आणि माहीत नसताना मी सल्ला दिला. तो ‘तुझं तू बघ’ मला आजही सलतो.

मधली दोन वर्षं

पुढचं वर्ष रिकामं गेलं. त्या ऑक्टोबरात दुसऱ्या डिव्हिजनची पात्रता फेरी मोजक्या पाच संघांत, बंगालमध्ये झाली. त्यात त्याचा क्लब नव्हता. वडिलांबरोबर लेथवर उभा राहिला, पहाटे पळत राहिला. 2021-22 मध्ये गोव्यातल्या एका क्लबनं घेतलं, गोवा प्रोफेशनल लीगसाठी. म्हापशाच्या धुळेर स्टेडियमवरचे त्याचे दोन सामने मी जाऊन बघितले. आयुष्यातला त्याचा सगळ्यात चांगला फुटबॉल तो होता. करार एप्रिलअखेर संपला. निघताना एका दुसऱ्या क्लबच्या कोचनं तोंडी सांगितलं : ऑगस्टमध्ये शिबिराला ये, तुझी जागा धरून ठेवतो.

दुसरा निर्णय : मे 2022 मधली सेमीफायनल

मे महिन्यात तो कोल्हापुरात होता. पुन्हा मोकळे महिने. पेठेचा संघ एका बक्षिसाच्या स्पर्धेत सेमीफायनलला पोचला होता आणि दोन हाफ जखमी होते. तालीम मंडळाची माणसं घरी आली. सामन्याचे पंधरा हजार देतो म्हणाली. पैशाचा भाग होताच, पण तेवढाच नव्हता. त्याच तालमीच्या कट्ट्यावर तो लहानाचा मोठा झाला होता. मला फोन करून म्हणाला, “पेठ हाय सर आपली. नाही कसं म्हणू?”

न खेळणं हा एक पर्याय होता. दुसरा पर्याय म्हणजे अर्ध्या तासापुरतंच उतरायचं. तिसरा कुणाच्या डोक्यातच आला नाही : खेळायचं, पण दुखापत झाली तर उपचाराचा खर्च मंडळ करील असं आधी लिहून घ्यायचं. कोल्हापुरात हे मागणं म्हणजे पेठेवर अविश्वास दाखवणं. म्हणून कुणी मागत नाही.

तो पूर्ण खेळायला उतरला. मेचं मैदान, वरचं गवत करपून खाली जमीन दगडासारखी झालेली. दुसऱ्या हाफमध्ये बॉल तोडून तो वळला. बूट जमिनीत अडकला आणि शरीर फिरलं. त्याला कुणी हातही लावला नव्हता. त्याच्याजवळ उभ्या असलेल्या बॅकनं नंतर सांगितलं की सुपारी फुटल्यासारखा आवाज आला. पाच मिनिटांनी तो उठून चालला, म्हणून प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. एमआरआयमध्ये पुढचा क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारा दोर, पूर्ण तुटलेला आणि आतली गादी फाटलेली निघाली.

करारात असताना हे झालं असतं तर निदान एका क्लबचं दार ठोठावता आलं असतं. त्या दिवशी तो कुणाचाच नव्हता. पेठेनं वर्गणी काढली आणि मनापासून काढली, हे इथं लिहायलाच हवं. एकसष्ट हजार जमले. ऑपरेशनचा खर्च एक लाख ऐंशी हजार होता. बाकीसाठी मोटारसायकल विकली आणि पतसंस्थेचं कर्ज काढलं. ऑपरेशन न करता व्यायामावर गुडघा सांभाळायचा मार्गही डॉक्टरांनी सांगितला होता. पण वळण्यावर आणि थांबण्यावर ज्याचा खेळ आहे त्याला तो चालणार नव्हता. जुलैत ऑपरेशन झालं.

तिसरा निर्णय : परत कधी उतरायचं

या प्रकरणात सगळ्यात चांगला घेतला गेलेला निर्णय हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑगस्टचं शिबिर गेलंच होतं. डिसेंबरात के.एस.ए.चा मोसम तोंडावर आला आणि तेव्हा ऑपरेशनला पाच महिने झाले होते. तो सरळ पळत होता, दुखत नव्हतं, आणि पेठेतला प्रत्येक माणूस रोज विचारत होता. फिजिओचे पैसे पहिल्या दोन महिन्यांतच संपले होते. मग व्यायाम तालमीत, लिहून दिलेल्या कागदावरून.

या वेळी मी आधी विचारून, वाचून घेतलं होतं. या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत खेळायला लागणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायचा धोका बराच जास्त असतो. आणि नुसते महिने मोजूनही भागत नाही. दुखऱ्या पायाची ताकद आणि उडी चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के व्हावी लागते. हे मोजायला आमच्याकडं यंत्र नव्हतं. शाळेच्या मैदानावर रांगोळीनं रेघ मारली आणि शिंप्याची टेप आणली. एका पायावर उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं, हलायचं नाही. डिसेंबरात चांगला पाय 171 सेंटिमीटर आणि ऑपरेशन झालेला 128. म्हणजे पंचाहत्तर टक्के.

तो आकडा वहीत लिहिला आणि वही मंडळाच्या माणसांना दाखवली. ‘अजून बरं वाटत नाही’ म्हटलं असतं तर आग्रह झाला असता. 128 पुढं कुणी आग्रह केला नाही. मार्चमध्ये 147 झाले. मेमध्ये 172 ला 158. जून 2023 मध्ये, अकरा महिन्यांनी, तो सराव सामन्यात उतरला. गुडघा आजपर्यंत शाबूत आहे.

परिणाम

तोवर वय सव्वीस झालं होतं आणि खालचं जग बदललं होतं. 2023-24 पासून आय-लीग 3 ही नवी पायरी आली आणि आय-लीग 2, म्हणजे पूर्वीची दुसरी डिव्हिजन, मोजक्या संघांपुरती उरली. वरच्या जागा थोड्या, आणि त्याला ‘बघितलेला’ कोच आता कुठंच नव्हता. आय-लीग 3 मधल्या एका संघानं विचारलं : सात आठवडे, महिना वीस हजार, पुढचं पुढं. एका फुटबॉल अकादमीनं विचारलं : लहान मुलांना शिकवायचं, बारा महिने, महिना चोवीस हजार, शनिवार-रविवार पेठेकडून खेळायला मोकळीक.

त्यानं दुसरं घेतलं. ते सोपं गेलं नाही. आठवडाभर तो फोन उचलत नव्हता. व्यावसायिक खेळाडू ही ओळख सोडतोय असं त्याला वाटत होतं, आणि तसं ते होतंही.

त्यानंतर त्यानं महासंघाचा, कोच होण्यासाठीचा डी लायसन्स कोर्स केला. मुक्त विद्यापीठात बी.ए.ला पुन्हा नाव घातलं. स्वतःच्या नावानं अपघात विमा घेतला. घेताना खेळताना झालेली दुखापत वगळलेली नाही ना, हे एजंटाकडून कलम दाखवून घेतलं. बऱ्याच पॉलिसींत व्यावसायिक खेळ वगळलेला असतो. पतसंस्थेचं कर्ज अजून फेडतोय. के.एस.ए.च्या मोसमात तो खेळतो, हाफलाच.

वेगळं काय करता आलं असतं

गुडघा नशिबावर सोडून देता येईल. पण तो ज्या महिन्यात गेला तो महिना नशिबाचा नव्हता. कॉलेज सुटलं, साठवलेले पैसे संपले, खोट्या कागदावर सही झाली, कराराविना सेमीफायनल खेळली गेली. यातली एकही गोष्ट पगार चालू असताना घडलेली नाही. म्हणून पहिल्या कराराच्या दिवशीच कॅलेंडर घेऊन बसायला हवं होतं. क्लबकडून बारा महिन्यांचा करार त्या पायरीवर मिळाला नसता, हे मान्य. पण करार संपल्यावर निदान दोन महिने क्लबच्या जिममध्ये सराव आणि दुखापतीचा विमा एवढं मागता आलं असतं. मागितलंच नाही.

पगाराच्या बाबतीत : दुसरा पगार चुकला त्याच आठवड्यात साध्या, नम्र भाषेतला ईमेल जायला हवा होता. आदरणीय सर, फेब्रुवारी आणि मार्चचं मानधन मिळालेलं नाही, कृपया पंधरा दिवसांत जमा करावं. यात भांडण कुठंच नाही, पण तारखेसह नोंद होते. अख्ख्या संघानं एकाच दिवशी असे ईमेल पाठवले असते तर कुणी एकटा भांडकुदळ ठरला नसता.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि तिथं संतोष ट्रॉफीसारख्या राज्यांच्या संघांमधल्या स्पर्धेत राज्याकडून मिळवलेलं यश बघितलं जातं. दुसऱ्या मोसमात महाराष्ट्राच्या निवड चाचणीचा निरोप आला होता. क्लबचं शिबिर चालू होतं म्हणून तो गेला नाही. निवड झालीच असती असं मी म्हणत नाही. पण त्या चाचणीचं मोल आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तालीम मंडळांबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. बाहेरून आलेल्या खेळाडूंच्या तिकिटांचा आणि राहण्याचा खर्च मंडळं करतात. तेवढ्याच उत्साहानं मोसमाच्या सुरुवातीला संघातल्या प्रत्येक पोराचा विमा उतरवला तर दुखापतीनंतर वर्गणीची पावती पुस्तकं फिरवावी लागणार नाहीत. आमच्या मंडळानं मागच्या मोसमात वीसपैकी अकरा जणांचा उतरवला. उरलेल्या नऊ जणांनी आधार कार्डाच्या झेरॉक्स दिल्या नाहीत म्हणून राहिला.

गेल्या महिन्यात पेठेतला एकोणीस वर्षांचा एक मुलगा मुंबईच्या करारासह आमच्या मिडफिल्डरकडं आला. फॉरवर्ड आहे, चपळ आहे. घरात पेढ्यांचा बॉक्स उघडलेला. आमच्या मिडफिल्डरनं रकमेवर बोट ठेवून पुढं सरकवलं आणि तारखांवर थांबवलं. मग भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, जून ते नोव्हेंबरच्या पानांवर पेन्सिलनं गोल केले आणि त्या पोराला विचारलं, “इथं तू कुठं असणार?” पोरगं गप्प. मग दोघांनी मिळून क्लबला तीन ओळींचं पत्र लिहिलं : विमा, मोसमानंतर दोन महिने सराव, आणि पगाराची ठरलेली तारीख. क्लबनं पहिल्या आणि तिसऱ्या मागणीला होकार दिलाय. दुसरीचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि पोरानं अजून सही केलेली नाही.